दादर ते महापे ई-वन: क्लॉक कोण देणार?

लीज्ड लाइन, म्हणजे दोन ठिकाणांमधली भाड्याची कायमची लाइन, घेणाऱ्या प्रत्येकाला प्रोव्हायडरकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "साहेब, लाइन अप आहे, पिंग चालतंय, सही करा." सही करायच्या आधी काय काय बघायचं, आणि मुख्य म्हणजे क्लॉक, म्हणजे बिट पाठवायची लय, कोण देणार, हे मी ज्या एका ई-वन (डेटा आणि फोन दोन्ही नेणारी डिजिटल लाइन) लिंकवर शिकलो तिच्याबद्दल लिहितोय. आता बहुतेक ठिकाणी फायबरवर इथरनेट आलंय, तरी पीआरआय लाइन्स (टेलिफोन कंपनीकडून ऑफिसच्या एक्स्चेंजला येणाऱ्या, एका वेळी अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइन) आणि जुने एक्स्चेंज सांभाळणाऱ्यांना यातलं बरंच आजही लागतं. मराठीत हे कुठे सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही.

मी तेव्हा एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात नवीन होतो. मुख्य कार्यालय दादर पश्चिमेला. सर्व्हर महापे एमआयडीसीतल्या डेटा सेंटरमध्ये हलवले होते आणि बॅक ऑफिसचा बराच स्टाफही तिकडे गेला होता. दोन्हीकडे टेलिफोनचं एक्स्चेंज होतं, म्हणजे ईपीएबीएक्स. डेटा आणि आपसातले फोन एकाच लाइनवरून न्यायचे असं ठरलं. आमच्या विभागात निवृत्तीला आलेले एक सिनियर होते, त्यांना सगळे काका म्हणत. टेलिफोनच्या जमान्यातला माणूस. आयपी आम्हाला येत होतं, पण लाइन म्हणजे काय ते त्यांना येत होतं.

ई-वन म्हणजे 2048 केबीपीएस. त्यात 64 केबीपीएसचे 32 टाइमस्लॉट, 0 ते 31. सगळ्या स्लॉटची एक फेरी म्हणजे एक फ्रेम. शून्य नंबरचा फ्रेमिंगला, म्हणजे फेरी कुठून सुरू होते ते ओळखायला, राखीव, बाकीचे आपले. सेकंदाला 8000 फ्रेम जातात, एका फ्रेममध्ये 256 बिट. अमेरिकेत याच जागी टी-वन आहे: 24 चॅनेल, 1544 केबीपीएस, वेगळं फ्रेमिंग, वेगळा लाइन कोड. हे सांगायचं कारण असं की राउटरच्या मॅन्युअलमधली बरीच उदाहरणं टी-वनची असतात. ईएसएफ आणि बी-एट-झेड-एस हे शब्द दिसले की ते पान आपल्या कामाचं नाही, पुढचं उलटावं.

काकांनी स्लॉटची वाटणी कागदावर करून दिली. 1 ते 15 डेटाला, म्हणजे 960 केबीपीएस. 16 नंबरचा एक्स्चेंजच्या सिग्नलिंगला. 17 ते 31 बोलण्याला, एका वेळी पंधरा कॉल. राउटर सिस्कोचा होता, त्यात दोन पोर्टचं कार्ड. पहिल्या पोर्टवर बाहेरची लाइन, दुसऱ्यावर ईपीएबीएक्स. डेटाचे स्लॉट राउटरने स्वतः उचलायचे आणि 16 ते 31 जसेच्या तसे एका पोर्टवरून दुसऱ्यावर सोडायचे. याला ड्रॉप अँड इन्सर्ट म्हणतात.

कार्ड बसवून राउटर चालू केला तर कॉन्फिगरेशनमध्ये ई-वनचा पत्ताच नाही. हे कार्ड टी-वन आणि ई-वन दोन्ही होऊ शकतं, आणि त्याला काय व्हायचंय ते 'कार्ड टाइप' कमांडने एकदा सांगावं लागतं. तोवर कंट्रोलर, म्हणजे कार्डावरचं ई-वनचं पोर्ट, कॉन्फिगरेशनमध्ये दिसतच नाही. एकदा सांगितल्यावर प्रकार बदलायचा तर राउटर रीलोड करावा लागतो, म्हणून ते शाखा चालू असताना करायचं काम नव्हे.

पुढचा अडथळा वायरचा. प्रोव्हायडरच्या डब्यातून बीएनसी (गोल, फिरवून बसवायचा कनेक्टर) लावलेल्या दोन वायरी निघत होत्या, 75 ओहमच्या कोॲक्स, एक पाठवायची, एक घ्यायची. राउटरच्या कार्डला मात्र आरजे सॉकेट, 120 ओहमचा. दोन्हीमध्ये बलून लावावा लागतो, जो हा फरक जुळवून देतो. तो आणि बीएनसी कनेक्टर आणायला मला लॅमिंग्टन रोडला पाठवलं. तिथे दुकानदाराला नुसतं "बलून द्या" म्हटलं तर सीसीटीव्हीचा हातात ठेवतात. ई-वनचा, 75 ते 120, असं स्पष्ट सांगावं लागतं.

क्रिम्पिंग काकांनी स्वतः केलं. कोॲक्सचं बाहेरचं आवरण कापल्यावर आत तांब्याची जाळी असते, ती मागे दुमडायची, मग पांढरं इन्सुलेशन सोलून मधली तार पिनमध्ये घालायची. जाळीचा केसाएवढा एक धागा पुढे राहून मधल्या तारेला टेकत होता. मला तो दिसलाही नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नखाने धागा मागे ओढला आणि मगच टूल दाबलं. "हा राहिला असता ना, तर लाइन अप दिसली असती, आणि तू महिनाभर प्रोव्हायडरशी भांडला असतास," म्हणाले.

कंट्रोलरचं कॉन्फिगरेशन तसं चार ओळींचं आहे. लाइन कोड एचडीबी-थ्री. यात चार शून्यं ओळीने आली की त्यांच्या जागी एक ठरलेला नमुना पाठवतात, म्हणजे तारेवर फार वेळ शांतता राहत नाही आणि पलीकडच्याला बिटांची लय हरवत नाही. फ्रेमिंग सीआरसी-फोर, ज्यात वाटेत झालेल्या चुका पकडायची तपासणीही असते. हे दोन्ही टोकांना सारखंच हवं, एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर लाइन जुळतच नाही. मग चॅनेल ग्रुपमध्ये 1 ते 15 स्लॉट. तो बनवला की राउटर आपोआप एक सीरियल इंटरफेस तयार करतो. त्याला आयपी द्यायचा, दोन टोकांपुरता, शेवटी 252 असलेल्या मास्कचा. एन्कॅप्सुलेशन, म्हणजे पॅकेट लाइनवर कुठल्या वेष्टनात टाकायचं ते, पीपीपी. कंट्रोलरची चौथी ओळ म्हणजे क्लॉक सोर्स: 'लाइन' किंवा 'इंटर्नल'. लाइन म्हणजे समोरून येणाऱ्या बिटांची लय पकडून त्याच लयीत आपण पाठवायचं. इंटर्नल म्हणजे आपल्या राउटरमधल्या क्रिस्टलच्या लयीत.

लाइन महापेपर्यंत जोडण्याआधी लूप टेस्ट करतात. प्रोव्हायडरचा माणूस पुढच्या एका टप्प्यावर पाठवायची आणि घ्यायची वायर एकमेकींना जोडतो, म्हणजे आपण पाठवलेलं आपल्याकडेच परत येतं. फोनवर "लूप टाका", "लूप आला", "लूप काढा" असं चालू असतं. या वेळी एन्कॅप्सुलेशन पीपीपीऐवजी एचडीएलसी, हा दुसरा प्रकार, ठेवावं. पीपीपीला समोर आपणच आहोत हे कळतं आणि ते उठत नाही. एचडीएलसी उठतं, 'लूप्ड' असं स्वच्छ लिहून दाखवतं आणि स्वतःच्याच आयपीला पिंग करता येतं. लूप टेस्टला क्लॉक इंटर्नल ठेवायचा, कारण समोर लय देणारं कोणी नसतंच. दादरची टेस्ट स्वच्छ. महापेच्या टीमनेही त्यांच्या बाजूने तशीच टेस्ट घेतली, तीही स्वच्छ.

मग मी महापेला गेलो. दादरहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे, पुढे रिक्षा. लूप काढले, पीपीपी परत लावलं, इंटरफेस अप, प्रोटोकॉल अप. दादरला पिंग टाकलं. नुसतं 100 बाइटचं नव्हे. 1500 बाइटचं, आधी सगळी शून्यं भरून, मग सगळे एक भरून. शून्यांचं पिंग मुद्दाम टाकायचं, कारण लाइन कोड चुकला असेल तर तो तिथेच उघडा पडतो. स्क्रीनवर उद्गारचिन्हांची रांग लागली, म्हणजे प्रत्येक पिंगला उत्तर येत होतं. ईपीएबीएक्सवरून काकांचा फोन आला, आवाज स्पष्ट. प्रोव्हायडरच्या इंजिनियरने फॉर्म पुढे केला.

काका फोनवर म्हणाले, "सही नको. कंट्रोलर बघ."

शो कंट्रोलर ई-वन या कमांडमध्ये दर पंधरा मिनिटांचा हिशोब असतो, मागच्या चोवीस तासांपर्यंतचा. बहुतेक लोक वरचं 'अप' वाचून थांबतात. कामाचं सगळं खाली असतं. तिथले तीन आकडे वेगवेगळं बोलतात. लाइन कोड व्हायोलेशन म्हणजे आपल्या खोलीतली वायर: राउटर आणि प्रोव्हायडरचा डबा यांच्यातली. मधला प्रत्येक डबा लाइन कोड नव्याने बनवतो, त्यामुळे लांबचा दोष या आकड्यात येतच नाही. पाथ कोड व्हायोलेशन म्हणजे सीआरसी-फोरने पकडलेली चूक. मध्ये कोणी फ्रेम उघडत नसेल तर ती संपूर्ण वाटेवर कुठेही झालेली असू शकते. पावसात भिजलेल्या कॉपर जोडीचा त्रास इथे दिसतो. तिसरा आकडा स्लिप सेकंदांचा, स्लिप म्हणजे काय ते पुढे येतंच. आमच्याकडे पहिले दोन शून्य. स्लिप मात्र पंधरा मिनिटांत दीडशेच्या आसपास, दर वेळी.

"चालतंय ना पण साहेब," इंजिनियर म्हणाला. आणि डेटा खरोखर चालत होता. बँकेचं सॉफ्टवेअर नीट उघडत होतं, फाइली जात होत्या. पाच-सहा सेकंदांतून एखादं पॅकेट खराब झालं तर टीसीपी ते परत मागवतं, वापरणाऱ्याला कळतही नाही. त्याच संध्याकाळी क्लिअरिंगच्या ताईंचा फोन आला की दादरहून पाठवलेला फॅक्स महापेला अर्धा येतो, मध्येच ओळी फाटतात, कधी मशीन मध्येच थांबतं. फोनवर बोलताना टक्-टक् ऐकू येतं अशीही तक्रार होती. फॅक्स मशीनच्या सर्व्हिसवाल्याला बोलावायचं ठरत होतं. काकांनी ते थांबवलं.

दोन्ही राउटर इंटर्नलवर होते. दादरला प्रोव्हायडरच्या माणसाने सांगितलं होतं, इंटर्नल ठेवा. महापेला त्यांच्या दुसऱ्या माणसाने तेच सांगितलं होतं. लूप टेस्टमध्ये हा दोष दिसूच शकत नाही. तिथे आपलीच लय आपल्याकडे परत येते, मग फरक कुठून पडणार? दोन टोकं एकमेकांना जोडली की मगच प्रश्न सुरू होतो.

ई-वनच्या क्लॉकला 50 पीपीएमपर्यंत इकडेतिकडे चालतं, म्हणजे दहा लाखांत पन्नास. दोन चांगल्या क्रिस्टलमध्ये 20 पीपीएमचा फरक धरा. 2048000 बिटांवर तो सेकंदाला सुमारे 41 बिट होतो. घेणाऱ्या राउटरमध्ये एक छोटा बफर असतो. तो आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखा: पंप ज्या वेगाने पाणी चढवतो आणि खाली ज्या वेगाने वापरलं जातं त्यात जरासा जरी फरक असला तरी कधी ना कधी टाकी वाहणार किंवा कोरडी पडणार. बफर भरून वाहिला की राउटर एक अख्खी फ्रेम टाकून देतो, रिकामा झाला की तीच फ्रेम दुसऱ्यांदा वापरतो. हीच स्लिप. 256 भागिले 41, साधारण सव्वासहा सेकंदांनी एक. पंधरा मिनिटांत 144. आमच्या स्क्रीनवरच्या आकड्याला हा हिशोब इतका जवळ बसला की मला तो कागद टाकवला नाही. फॅक्सचं पान जायला मिनिटभर लागतं, म्हणजे एका पानात नऊ-दहा धक्के. पॅकेट परत मागवता येतं, पण स्लॉटमधून सरळ जाणाऱ्या फॅक्सच्या सुराला परत मागवणारं कोणी नसतं.

मग प्रश्न आला, क्लॉक कोणी द्यायचा? मला वाटायचं, प्रोव्हायडरचं एवढं मोठं नेटवर्क आहे, तेच देत असणार, दोन्हीकडे 'लाइन' करून टाकू. काकांनी इंजिनियरला एकच विचारलं: "मध्ये तुम्ही ई-वन उघडता का?"

"नाही साहेब, एसडीएचवरून सरळ जातंय. एसटीएम-वनमध्ये टाकलंय तसंच तिकडे निघतं."

एसडीएच म्हणजे अनेक लाइन एकत्र नेणारं प्रोव्हायडरचं मोठं नेटवर्क. याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. एसटीएम-वन, म्हणजे 155.52 एमबीपीएस, त्यात 63 ई-वन बसतात. त्यातला प्रत्येक ई-वन नेहमीच्या पद्धतीत स्वतःच्या लयीसकट नेला जातो. एसडीएचचा क्लॉक कितीही अचूक असला तरी तो आपल्या ई-वनला लागत नाही. म्हणजे दादर आणि महापे जणू एकाच वायरच्या दोन टोकांना. तिथे दोन्हीकडे 'लाइन' केलं तर प्रत्येक जण दुसऱ्याची लय पकडत राहतो, लय देणारं कोणीच नाही, आणि वेग भरकटत जातो. असली लिंक काही काळ ठीक चालते आणि मग कारण नसताना पडते. एकाने द्यायचा, एकाने घ्यायचा, हाच नियम.

महापेला क्लॉक सोर्स 'लाइन' केला. स्लिप थांबल्या. मी खूश. ताईंनी फॅक्स पाठवला, पूर्ण आला, पण दोन ठिकाणी ओळ फाटलेलीच.

या वेळी आकडा दादरच्या दुसऱ्या पोर्टवर वाढत होता, ईपीएबीएक्सच्या बाजूला. तिथे आधीपासूनच स्लिप होत्या, पण आम्ही सगळे बाहेरच्या लाइनकडे बघत होतो. दादरच्या एक्स्चेंजला टेलिफोन कंपनीची पीआरआय लाइन होती, म्हणजे तीही ई-वनच, आणि एक्स्चेंज आपला क्लॉक तिच्यावरून घेत होतं. राउटर मात्र स्वतःच्या क्रिस्टलवर. पुन्हा दोन लयी.

काकांनी कागदाच्या मागच्या बाजूला डावीकडून उजवीकडे बाण काढले. टेलिफोन कंपनीचं नेटवर्क, मग दादरचं एक्स्चेंज, दादरचा राउटर, महापेचा राउटर, महापेचं एक्स्चेंज. "ज्याचा क्लॉक सगळ्यात भरवशाचा, त्याच्यापासून सुरू करायचं, आणि बाण कधीही मागे फिरवायचा नाही," म्हणाले. सार्वजनिक टेलिफोन नेटवर्कचा मूळ क्लॉक सीझियमवर चालतो. त्या दर्जाच्या दोन स्वतंत्र क्लॉकमध्येही फरक इतका कमी की स्लिप साधारण सत्तर दिवसांत एखादी. आपल्याकडे तो पीआरआयच्या वायरवरून फुकट येत असताना राउटरच्या क्रिस्टलला मालक करण्यात काही अर्थच नव्हता.

तसं केलं. दादरच्या राउटरने ईपीएबीएक्सच्या पोर्टवरून क्लॉक घ्यायचा, मुख्य स्रोत म्हणून, आणि महापेच्या पोर्टवर तोच पुढे पाठवायचा. त्या पोर्टवर शब्द 'इंटर्नल'च राहतो, आणि इथे वाचणारा फसतो. या दोन पोर्टच्या कार्डवर एक पोर्ट मुख्य स्रोत ठरला की दुसऱ्याचं इंटर्नल म्हणजे कार्डाने पहिल्या पोर्टवरून पकडलेली लय. महापेला पहिलं पोर्ट 'लाइन', दुसरं पुढे देणारं, आणि तिथल्या एक्स्चेंजच्या प्रोग्रॅमिंगमध्ये क्लॉक ट्रंकवरून, म्हणजे राउटरकडून येणाऱ्या लाइनवरून, घ्यायची नोंद. ते शेवटचं एक्स्चेंजवाल्याला बोलावून करून घ्यावं लागलं. पासवर्ड त्याच्याकडेच होता.

काउंटर साफ केले. पंधरा मिनिटांचा पहिला हिशोब: चारही पोर्टवर स्लिप शून्य. दुसरा: शून्य. काकांनी रात्रभराचा हिशोब मागितला, कारण क्रिस्टल तापमानाप्रमाणे सरकतो आणि रात्री एसी वेगळा चालतो. सकाळी महापेच्या मॅडमनी फोनवर आकडे वाचून दाखवले. सगळे शून्य. फॅक्स अख्खा आला. मग सही.

त्यानंतर आमच्या स्वीकृतीच्या फॉर्ममध्ये 'क्लॉक कोणाचा' असा रकाना आला, दोन्ही टोकांसाठी वेगळा. लाइनची ऑर्डर देतानाच प्रोव्हायडरला लेखी विचारायचं: मध्ये ई-वन उघडला जातो का, जात असेल तर कुठे. उत्तरासाठी मागे लागावं लागतं, कारण विक्रीच्या माणसाला ते माहीत नसतं. पण ते मिळवल्याशिवाय राउटरला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

कल्याणच्या शाखेची लाइन आली तेव्हा याचा उपयोग झाला. ती पूर्ण ई-वन नव्हती, चार स्लॉटची, 256 केबीपीएस. प्रोव्हायडरचा मक्स (स्लॉट एकत्र करणारा आणि वेगळे काढणारा डबा) ई-वन उघडून त्यातले चार स्लॉट काढून देत होता आणि शाखेत मॉडेम ठेवून व्ही-थर्टीफाइव्हवर हातात देत होता, तो मोठा 34 पिनांचा कनेक्टर. इथे मालक प्रोव्हायडरचाच. दोन्ही टोकांनी त्याचा क्लॉक घ्यायचा, दादर-महापेची रचना जशीच्या तशी उचलून चालणार नव्हती. राउटरच्या बाजूची केबल डीटीईची (क्लॉक घेणाऱ्या बाजूची; देणारी ती डीसीई) आहे आणि क्लॉक मिळतोय, एवढं शो कंट्रोलरमध्ये बघितलं. क्लॉक रेटची कमांड द्यायचा प्रश्नच नव्हता, ती डीसीई केबलवरच लागते. फॉर्मच्या रकान्यात 'मॉडेमकडून' असं लिहिलं आणि दुपारच्या गाडीने मी परत निघालो.